पान एकदम वाढायचं नाही

डिसेंबरच्या शेवटी मी आणि माझे यजमान उत्तर कलकत्त्यात एका बंगाली कुटुंबाच्या घरी चार दिवस राहिलो. शोभाबाजार मेट्रोपासून दहा मिनिटांवर. ओळखीतून आलेलेच पाहुणे ते ठेवून घेतात, म्हणून नाव लिहीत नाही. पण कुणाला अशा घरी उतरायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून सविस्तर लिहिते आहे.

खोलीचं आधी उरकते. उंच छत, हिरव्या झडपांच्या खिडक्या, पलंगाला मच्छरदाणी, चादरी स्वच्छ. बाथरूम व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला आणि जिन्याच्या पायऱ्या उंच, तेव्हा गुडघेदुखी असणाऱ्यांनी विचार करावा. टॅक्सी गल्लीच्या तोंडाशीच थांबते. आमच्याकडे त्या घरच्या मुलाचं ‘भालो नाम’, म्हणजे कागदोपत्री नाव होतं, आणि ते गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं! घरी फोन करून त्याचं ‘डाक नाम’ विचारलं. ते उच्चारताच ओट्यावर गप्पा मारत बसलेला एक गृहस्थ आमची बॅग उचलून पुढे चालू लागला. घरातलं हाकेचं नाव आधीच विचारून ठेवा.

भाडं दिवसाला १,८०० रुपये. दुपारचं जेवण माणशी ३५० रुपये, आणि ते अजिबात चुकवू नका.

घर चालवतात त्या सत्तरीच्या माशीमा. माशीमा म्हणजे मावशी. तिथे आईच्या वयाच्या कुठल्याही बाईला अशीच हाक मारतात. आपल्याकडे पान वाढायचं म्हणजे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे, मधे भाताची मूद, आणि सगळं वाढून झाल्यावर जेवायला सुरुवात. इथे ताटात नुसता भात आला आणि त्यासोबत एकच वाटी: शुक्तो. कारलं, कच्चं केळं, शेवगा, वांगं, रताळं, वर तळलेले सांडगे. शेवटी थोडं दूध. पहिला घास कडू. मी वाट बघत बसले, बाकीचं कधी येतंय म्हणून. शुक्तो संपल्याशिवाय काही आलं नाही. मग भाजलेल्या मुगाची डाळ आणि वांग्याचे तळलेले काप, मग भाजी, मग फ्लॉवर घातलेलं कोई माशाचं कालवण, मग टोमॅटो-खजुराची गोड चटणी आणि पापड, शेवटी नव्या गुळाचा संदेश. दर वेळी थोडा भात, दर वेळी नवी चव. जेवायला तास लागला, कारण पुढची वाटी येईपर्यंत बोलण्याशिवाय दुसरं काम नसतं. मुलगा, सून, नातू, आम्ही दोघं, सगळे त्या तासात एकमेकांना कळलो. शुक्तो रात्री करत नाहीत, म्हणून दुपारीच जेवा. कोईला काटे फार असतात, भात हाताने कालवूनच खा.

दुसऱ्या दिवशी केळफुलाची भाजी होती, मोचार घंटो. कांदा-लसूण नाही, तरी अशी चव की मी कृती लिहून घेतली. माशीमा म्हणाल्या, ही आजेसासूबाईंची. त्या तरुणपणीच विधवा झाल्या. पांढरं थान, म्हणजे बिनकाठाची साडी, नेसायचं, मासे नाहीत, कांदा-लसूण नाही, मसूरसुद्धा सामिष म्हणून वर्ज्य, एकादशीला पाणीही नाही. जे उरलं त्यातून त्या बायकांनी हे सगळं रांधलं. मला माझी पणजी आठवली: लाल अलवण, केशवपन, एकवेळचं जेवण. विद्यासागरांच्या खटपटीने विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला, आपल्याकडे कर्व्यांनी १८९३ साली गोदूबाईंशी लग्न केलं, आणि तरी दोन्हीकडच्या स्वयंपाकघरांत हे पुढे कितीतरी वर्षं चालू राहिलं. त्या भाजीचं कौतुक करताना माझा घास घशात अडकला. माशीमांचे यजमान सहा वर्षांपूर्वी गेले. त्या मासे खातात, आणि कुणी काही म्हणत नाही.

एक गोष्ट मात्र मला सलली. माशीमा कधीच आमच्यासोबत बसल्या नाहीत. सगळ्यांचं झाल्यावर स्वयंपाकघरात एकट्या जेवायच्या. सून शाळेत शिकवते, तीही सुटीच्या दिवशी वाढायला उभी. मुलगा बसून. आमच्या घरी वेगळं चित्र आहे असं म्हणत नाही, पण पाहुणी म्हणून रोज ते बघणं जड गेलं.

शेवटच्या दिवशी मी हट्टाने त्यांना पाटावर बसवलं आणि वाढायला घेतलं. सवयीचा हात, भात, शुक्तो, डाळ, भाजी, माशाची वाटी, सगळं ताटाभोवती मांडून मोकळी झाले. त्यांनी हसून माशाची वाटी माझ्याकडे सरकवली, मग डाळीची, मग भाजीची.

“आगे तेतो,” म्हणाल्या. आधी कडू.

मी वाट्या उचलून आत नेल्या आणि दारात उभी राहिले, त्यांचं शुक्तो संपेपर्यंत.