मेंदूच्या स्कॅनवरून पुढचे भाकीत: धंतोलीतील एका सेवेचा अनुभव

माझ्या थोरल्या भावाच्या मेंदूतील गाठीवर फेब्रुवारीत शस्त्रक्रिया झाली आणि बायोप्सीत ग्लिओब्लास्टोमा, म्हणजे मेंदूचा वेगाने वाढणारा कर्करोग, असल्याचे निष्पन्न झाले. त्या धावपळीत नागपूरच्या धंतोलीतील एका खासगी स्कॅन केंद्राची, एमआरआयचे संगणकीय विश्लेषण करून रुग्णाच्या पुढील वाटचालीचा अंदाज सांगणारी सेवा आम्ही साडेचार हजार रुपये भरून घेतली. या सेवेचे मोजमाप आणि भाकीत असे दोन भाग आहेत. त्यांपैकी पहिल्याने आम्हाला फार मदत केली आणि दुसऱ्याने एक रात्र उद्ध्वस्त केली. धंतोली-रामदासपेठेच्या गल्ल्यांतून फाइल छातीशी धरून फिरणाऱ्या, यवतमाळ, गडचिरोली, बालाघाटहून आलेल्या कुटुंबांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहीत आहे.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या एमआरआयची सीडी लावल्यावर पडद्यावर गाठ तीन रंगांत उभी राहिली. औषध टोचल्यावर उजळणारी कड लाल, आतला मृत भाग निळा आणि भोवतीची सूज पिवळी. प्रत्येक भागाचे आकारमान घनसेंटिमीटरमध्ये बाजूला लिहिलेले होते. दादांनी पिवळ्या भागावर बोट ठेवून विचारले, "हे सगळं गाठच आहे का?" तेथील तंत्रज्ञ मुलीने काम थांबवले, खुर्ची त्यांच्याकडे वळवली आणि ती बहुतांशी सूज आहे, तिच्यात गाठीच्या काही पेशी पसरलेल्या असू शकतात, म्हणूनच रेडिएशन देताना भोवतालचा थोडा भागही धरतात, असे समजावून सांगितले. आजार कळल्यापासून दादांना कोणी इतक्या निवांतपणे काही दाखवले नव्हते. या तंत्राचे खरे बळ याच कामात आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात जगभरातील ७१ केंद्रांनी ६,३१४ रुग्णांच्या स्कॅनवर संगणकाला शिकवले, तेही गाठीच्या सीमा अचूक आखण्यासाठीच.

भाकिताचा भाग मात्र वेगळा. अहवालाच्या शेवटच्या पानावर तांबड्या चौकटीत 'उच्च जोखीम' आणि त्याखाली 'अपेक्षित कालावधी १० महिन्यांपेक्षा कमी' असे छापले होते. ते पान रात्री साडेनऊला, दादा ताटावर बसलेले असताना, थेट त्यांच्याच मोबाइलवर आले, कारण अर्जावर त्यांचा नंबर होता. त्यांनी ते वाचले, फोन पालथा ठेवला आणि वहिनींना म्हणाले, "भात नको आता." असा अहवाल आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे जावा, एवढी साधी शिस्त केंद्राने पाळायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी आमच्या डॉक्टरांनी तो कागद बारकाईने पाहिला आणि त्यातील उणिवा एकेक करून दाखवल्या. केंद्राने अर्जावर वय तेवढे विचारले होते. गाठ किती निघाली, रुग्ण हिंडता-फिरता आहे का, किमोच्या गोळ्यांना गाठ कितपत दाद देईल याचा अंदाज देणाऱ्या एमजीएमटी चाचणीचा निकाल काय, यांतले काहीही गणितात आलेले नव्हते. शिवाय शस्त्रक्रियेपूर्वीचा स्कॅन ५ मिलिमीटर जाडीच्या कापांचा होता. अशा स्कॅनमध्ये बारीक तपशील हरवतात, तरी अहवालात त्याची साधी नोंदही नव्हती. ग्लिओब्लास्टोमाच्या रुग्णांची, ते किती काळ जगतील यानुसार, १० महिन्यांपेक्षा कमी, १० ते १५ आणि १५ पेक्षा जास्त अशी विभागणी संगणकाने करावी, यासाठी काही वर्षे आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरत असे. त्यात उत्तम ठरलेल्या प्रणालीही दहापैकी सुमारे सहा रुग्णांनाच योग्य गटात बसवू शकल्या. संशोधनासाठी हे मोलाचे आहे, पण एका माणसाच्या हाती तांबडी चौकट देण्याइतके ते पक्के नाही.

डॉक्टरांनी आमच्यापुढे ठेवलेले आकडे २००५ सालच्या अभ्यासातले होते. रेडिएशनसोबत टेमोझोलोमाइड हे किमोचे औषध दिलेल्या रुग्णांचे मध्यक आयुर्मान १४.६ महिने होते, नुसत्या रेडिएशनने ते १२.१ महिने होते, आणि दोन वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे २६.५ व १०.४ टक्के होते. मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण त्यापुढे जगले, हे त्यांनी दादांना कागदावर रेघ ओढून सांगितले. आकडे कठोरच आहेत, पण ते समोर बसून, प्रश्नांना वेळ देऊन सांगितले गेले.

रेडिएशनचे ३० डोस संपल्यानंतर महिन्याभराने काढलेल्या एमआरआयमध्ये उजळणारा भाग वाढलेला दिसला, तेव्हा आम्ही त्याच केंद्रात पुन्हा गेलो. रेडिएशननंतरच्या पहिल्या १२ आठवड्यांत उपचाराच्या परिणामानेही गाठ वाढल्यासारखी दिसते, त्यामुळे घाई न करता मोजून वाट पाहायची, असे डॉक्टरांनी सांगितले होते. या वेळी अर्जावर मी माझा नंबर दिला, फक्त मोजमाप हवे असे लिहून दिले आणि आधीच्या दोन्ही सीडी सोबत नेल्या. केंद्राने हरकत घेतली नाही, मात्र शुल्क पूर्णच घेतले. आठ आठवड्यांनी पुन्हा मोजले, तेव्हा तो भाग जवळजवळ निम्म्यावर आला होता. ते बंद पाकीट आम्ही डॉक्टरांच्या टेबलावरच उघडले, आणि दोन्ही आकडे दादांनी स्वतः मोठ्याने वाचले.