जुनं जावा ॲप: कोटलिनकडे हळूहळू, की फ्लटरमध्ये नव्याने?

दुकानदारांसाठीचं बिलिंग ॲप, सगळं जावात, आणि ते सांभाळणारे आम्ही तिघं. गूगलने 2017 मध्ये कोटलिन या प्रोग्रामिंग भाषेला अधिकृत मान्यता दिली आणि 2019 पासून अँड्रॉइडसाठी तिलाच पहिली पसंती आहे. जावा बंद पडलेली नाही, पण जेटपॅक कंपोज (स्क्रीन बनवायची गूगलची नवी पद्धत) वापरायचं तर कोटलिनशिवाय गत्यंतर नाही. म्हणजे हलायचं नक्की, प्रश्न फक्त कुठे.

आयफोनवरही ॲप लगेच हवं असेल, तर एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी ॲप बनवणाऱ्या फ्लटरचं पारडं जड आहे हे मान्यच. हॉट रीलोडची (कोडमधला बदल चालू ॲपमध्ये लगेच दिसण्याची) सवय लागली की ग्रेडलची, म्हणजे अँड्रॉइडच्या बिल्ड साधनाची, वाट बघणं नकोसं होतं, आणि जावा येणाऱ्याला फ्लटरची भाषा डार्ट जड जात नाही. पण फ्लटर म्हणजे पुनर्लेखन. नवं ॲप जुन्याच्या तोडीचं होईपर्यंत दोन्ही सांभाळायची, आणि जीएसटीतला प्रत्येक बदल दोनदा लिहायचा. लहानसहान गोष्टीही आडव्या येतात: फ्लटरचं नेहमीचं शेअर्ड प्रेफरन्सेस (लहानशी माहिती फोनवर साठवणारं) प्लगइन स्वतःची वेगळी फाइल वापरतं, त्यामुळे जुनं लॉगिन मुद्दाम उचलून आणलं नाही तर अपडेटनंतर सगळे दुकानदार लॉगआउट.

माझा निर्णय कोटलिनच्या बाजूने झाला तो मात्र प्रिंटरमुळे. आमच्या ब्लूटूथ थर्मल प्रिंटरची लायब्ररी फक्त जावात मिळते. फ्लटरमधून तिथे जायचं तर मेथड चॅनल, म्हणजे डार्ट आणि जावा यांच्यातला निरोपांचा मार्ग. त्यात डार्टचा पूर्णांक 32 बिटांत मावला तर पलीकडे इंटिजर म्हणून पोचतो, नाही मावला तर लाँग (मोठा पूर्णांक) म्हणून. दस्तऐवजात हे लिहिलेलं आहे, तक्रारीला जागा नाही. पण आमचा बिल क्रमांक तारखेवरून बनतो. चाचणीत 12 पाठवला की पावती सुरळीत निघते. 2503150012 गेला की तो 32 बिटांत मावत नाही, आणि इंटिजरची वाट बघणारा जावा कोड क्लासकास्ट एक्सेप्शन देऊन कोसळतो, तेही ऐन गिऱ्हाइकासमोर. जावाच्या नंबर या सर्वसाधारण प्रकारात घेऊन मग लाँग करा, किंवा पिजन हे साधन वापरून दोन्हीकडचा कोड तयार करून घ्या, की सुटतं. तरी कंपायलर ज्यावर बोलत नाही अशी एक सीमारेषा ॲपच्या मधोमध कायमची राहते, ती मला सोसवेना.

कोटलिनमध्येही सीमा आहे, पण ती रोज थोडी मागे सरकते. जावाकडून आलेली किंमत नल (रिकामी) आहे की नाही, हे ॲनोटेशन (कोडवरची खूण) नसेल तर कोटलिनला कळत नाही, आणि जावाचं कोटलिन करणारा कन्व्हर्टर जिथे तिथे दोन उद्गारचिन्हं, म्हणजे ‘हे नल नाही’ अशी हमी, ठोकून देतो. आधी जावातच नलेबल-नॉननल ॲनोटेशनं लावून मग फाइल बदलली तर ती बरीच कमी होतात. लोंबोक (गेटर-सेटरसारख्या मेथड आपोआप बनवणारी जावा लायब्ररी) असेल तर ते आधी काढा. त्याने तयार केलेल्या मेथड कोटलिनला एरवी दिसत नाहीत. फाइलचं नाव बदलण्याचा कमिट वेगळा ठेवा, नाहीतर गिटमधला इतिहास तुटतो. ॲनोटेशनांवरून कोड तयार करणाऱ्या कॅप्टने बिल्ड रेंगाळतो. जमेल तिथे त्याच कामाचं वेगवान केएसपी.

हे सगळं कंटाळवाणं आहे, पण रिलीज एकदाही थांबलं नाही. एक्सएमएल लेआउट अजून तसेच आहेत आणि प्रिंटरचा जावा वर्ग कोणी हातही न लावता चालतोय. तुमच्या ॲपमध्ये असं काही जुनं हार्डवेअर गुंतलेलं नसेल, तर फ्लटरचा हिशोब कदाचित वेगळा निघेल.

आयफोनची मागणी आलीच, तर कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्म (एकच कोटलिन कोड दोन्हीकडे वापरायची सोय) नोव्हेंबर 2023 पासून स्थिर आहे. बिल आणि कराचा हिशोब तिथे नेता येईल असं दिसतंय. स्क्रीनचं तेव्हाचं तेव्हा बघू.