मोलिएरसाठी सांगलीत ड्रेपरी: काय भाड्याने घ्यावं, काय करून घ्यावं

सांगलीच्या गावभागातल्या एका दुकानात ऐतिहासिक, पौराणिक आणि संगीत नाटकांची ड्रेपरी, म्हणजे नाटकाचे कपडे, व सामान भाड्याने मिळतं. फ्रेंच नाटककार मोलिएरवरून मराठीत आलेल्या ‘संशयकल्लोळ’साठी कपडे इथून बिनधास्त घ्यावेत, त्याच्याच ‘कवडीचुंबक’चं सामान मात्र पारखून घ्यावं. मूळ फ्रेंच वेशातला मोलिएर करायचा असेल, तर निम्मं स्वतःच करून घ्यावं लागेल.

मोलिएरच्या नाटकात सामान चुकलं की विनोदच पडतो. 1622 साली पॅरिसमध्ये जन्मलेल्या या नाटककाराचे वडील राजाकडे गाद्या-पडद्यांच्या कामाचे मानकरी होते. तो स्वतः लिहायचा, मुख्य भूमिका करायचा आणि मंडळीही चालवायचा. 1643 मध्ये काढलेली पहिली कंपनी कर्जात बुडाली, 1645 मध्ये त्यापायी तुरुंग पाहावा लागला, आणि त्यानंतर 1658 पर्यंत परगावच्या फिरतीवर दिवस गेले. त्या वर्षी 24 ऑक्टोबरला लूव्हरच्या राजवाड्यात चौदाव्या लुईसमोर आधी कोर्नेय या नाटककाराची शोकांतिका झाली, पण राजा खूश झाला तो नंतरच्या छोट्या फार्सवर. त्यातूनच मंडळीला पॅरिसात रंगमंच मिळाला. मोजक्या सामानात नाटक उभं करायची फिरतीची सवय त्याच्या पुढच्या नाटकांतही दिसते: एक पेटी, एक पोतं, एक टेबल, आणि प्रत्येकाला नेमकं काम.

सांगलीकरांना तर तो घरचाच. त्याच्या 1660 च्या ‘स्गानारेल’ या नाटकावरून आर्थर मर्फीने 1761 मध्ये इंग्रजी नाटक रचलं, आणि त्यावरून हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी आधी गद्य ‘तसबिरीचा घोटाळा’ आणि मग 1916 चं ‘संगीत संशयकल्लोळ’. मूळ फ्रेंच एकांकिकेतही मूर्च्छा येणाऱ्या नायिकेच्या हातून तसबीर पडते, ती दुसऱ्याच बाईला सापडते आणि तिचा नवरा स्गानारेल पेटतो. सगळा डोलारा त्या एका तसबिरीवर.

नेमकी तीच तसबीर इथे चुकीची मिळते. भिंतीवर टांगायची, काचेची, जाड लाकडी चौकटीची फ्रेम देतात. ‘संशयकल्लोळ’च्या नायिकेच्या, रेवतीच्या हातून पडली की काच फुटण्याची भीती, म्हणून नटी ती हळूच खाली ठेवते आणि मूर्च्छा खोटी वाटते. शिवाय काचेवर स्पॉट पडला की प्रेक्षकांना फक्त चकाकी दिसते. तसबीर साधारण 4 बाय 6 इंचांची करून घ्यावी. काच काढून मॅट लॅमिनेशन करावं, मागे पातळ प्लायवूड लावावं, म्हणजे पडल्याचा आवाजही येतो. फोटो नायक अश्विनशेठ करणाऱ्या नटाचाच, त्याच वेशातला हवा आणि दोन प्रती ठेवाव्यात. कपड्यांत मात्र दुकान चोख आहे. संशयी नवऱ्याची, फाल्गुनरावाची पगडी डोक्याच्या मापाने निवडू देतात, अंगरख्याचे बंद शाबूत असतात, नऊवारीही चांगल्या राखलेल्या आहेत.

फ्रेंच वेशाचं मात्र जमत नाही. मोलिएर गेल्यावर त्याच्या घरच्या सामानाची यादी झाली. तिच्यात स्गानारेलचा पोशाख किरमिजी साटिनचा नोंदला आहे, तर कंजूष आर्पागोंचा काळ्या साटिनचा, काळ्या रेशमी लेसचा. इथे लाल साटिन मागितलं की टिकल्या आणि जर लावलेला राजाचा झगा पुढे येतो. त्या वजनात फार्सची पळापळ होत नाही. साधं साटिन घेऊन शिवून घ्यावं, आतून सुती अस्तर लावावं. नाहीतर दुसऱ्या प्रवेशापर्यंत काखेत घामाचे डाग उमटतात.

‘कवडीचुंबक’ ज्यावरून आलं त्या 1668 च्या कंजुषाच्या नाटकासाठी त्या काळच्या रंगमंचाची सामानयादीच उपलब्ध आहे: नोकरांचे दोन डगले, चष्मा, झाडू, मारायची फळी, पेटी, टेबल, खुर्ची, दौत, कागद, एक झगा आणि पाचव्या अंकात टेबलावर दोन मेणबत्त्या. झाडू, दौत, चष्मा, टेबल इथे बिनतक्रार मिळतं. पेटी मात्र लाल मखमलीची देतात, ती घेऊ नये. मूळ संहिता बोलायची असेल, तर पेटी करडीच हवी. खोटी साक्ष देणारा नोकर ‘लाल’ म्हणतो, मालक ‘नाही, करडी’ म्हणतो, आणि नोकर लगेच ‘हो, करडी-लालच’ म्हणून सावरतो. समोर लाल पेटी दिसली की हा हशा गेला. पेटीत तीनेक किलो वाळू पिशवीत घट्ट बांधून ठेवावी. रिकामी पेटी नटाच्या खांद्यावरून लगेच ओळखू येते.

मारायच्या फळीऐवजी इथे बांबू देतात. तो लागतो आणि आवाजही नीट येत नाही. दोन फूट लांबीच्या दोन पातळ फळ्या मुठीपाशी मध्ये सेंटिमीटरभर तुकडा घालून आवळल्या की हलक्या फटक्याला फाडकन आवाज येतो. मेणबत्तीला खरी ज्योत नको. दुकानातल्या सेलवर चालणाऱ्या मेणबत्तीचं बटण तळाशी असतं. ते अंगठ्याने दाबत फुंकर मारायची तालीम आधीच करावी.

1671 च्या ‘स्कापँ’मध्ये म्हातारा पोत्यात शिरतो आणि मार खातो. धान्याच्या एका पोत्यात मोठा माणूस बसत नाही, दोन उसवून जोडावी लागतात. इथलं पोतं मार्केट यार्डातल्या हळदीचं होतं. झटकलं तरी पूड उडतेच, आतला नट शिंकतो आणि साटिनला लागलेला पिवळा डाग परतीच्या वेळी डिपॉझिटमधून कापला जातो. नवं बारदान घ्यावं.

‘तार्त्युफ’ची पहिली आवृत्ती 1664 मध्ये आली आणि लगेच बंदी बसली. बंदी उठून नाटक नियमित लागायला 1669 उजाडलं. त्यात नवरा टेबलाखाली लपतो. दुकानाचं टेबलावरचं जाड कापड चारही बाजूंनी जमिनीला टेकतं, हे उत्तम.

खुर्चीबद्दल मात्र आग्रहाने सांगायचं आहे. काल्पनिक रोग्याच्या नाटकाच्या चौथ्या प्रयोगात, 17 फेब्रुवारी 1673 ला, रोग्याची भूमिका करतानाच मोलिएरची तब्येत ढासळली आणि त्याच रात्री तो घरी वारला. त्या भूमिकेची आरामखुर्ची पॅरिसच्या कोमेदी-फ्रांसेझ या नाट्यसंस्थेने आजवर जपली आहे. दुकानात विचारलं तर सोनेरी सिंहासन दाखवतात. रोगी घरात बसलाय, दरबारात नाही. हात टेकायला रुंद, पाठ उंच आणि उशा ठेवता येतील अशी घरगुती खुर्ची कुणाकडून तरी मागून आणावी. औषधांची बिलं मोजायच्या चकत्यांसाठी कॅरमच्या सोंगट्या चालतात, फक्त टेबलावर जाड कापड हवं.

राज्य नाट्य स्पर्धा आणि कॉलेजांची स्नेहसंमेलनं एकाच सुमाराला आली की चांगल्या पगड्या आधी जातात. नोंदणी लवकर करावी, माल नेताना प्रत्येक कपड्याचे बंद, हूक आणि डाग दुकानदारासमोर पाहून पावतीवर लिहून घ्यावेत.