कोरियन निसर्गचित्र अभ्यासायचं तर सुरुवात कोणापासून?

जलरंगात लँडस्केप करणाऱ्याला कोरियन चित्रकलेची ओढ लागली, की लवकरच एक पेच उभा राहतो. पूर्वेची शाई आणि पश्चिमेचा छायाप्रकाश एकत्र आणणारे चित्रकार तिथे बरेच आहेत. मग मन लावून एकाचाच अभ्यास करायचा तर कोणाचा? माझ्या मते निवड तिघांत आहे: अठराव्या शतकातले कांग से-ह्वांग, १९१५च्या सुमाराचे आन जुंग-शिक आणि तैलरंगात डोंगर रंगवणारे यू यंग-गुक. पश्चिमेकडून तिघांनीही घेतलं, पण प्रत्येकाने घेतलेली गोष्ट वेगळी आहे. निवड करताना बघायची ती हीच गोष्ट.

कांग से-ह्वांग (१७१३–१७९१) यांनी १७५७ मध्ये सोंगदोच्या, म्हणजे आजच्या उत्तर कोरियातल्या केसाँगच्या, परिसराचा प्रवास केला आणि त्यातून १६ चित्रांचा एक आल्बम तयार झाला. तो आता सोलच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्यातलं येओंगतोंग दरीच्या तोंडाचं चित्र आधी बघा. पानाची रुंदी जेमतेम ५४ सेंटिमीटर, पण दगड अंगावर येतात. वाटेने एक स्वार आणि त्याचा नोकर चाललाय, दोघंही इतके बारीक की पहिल्या नजरेत निसटतात. चित्रावर स्वतः कांगनीच लिहून ठेवलंय की दगड घराएवढे आहेत, त्यांवर हिरवं शेवाळ चढलंय आणि पहिल्यांदा बघताना छाती दडपते. तळ्यातून ड्रॅगन वर आला ही दंतकथाही ते सांगतात आणि लगेच म्हणतात, यावर विश्वास ठेवायलाच हवा असं नाही.

आता एका दगडाजवळ जा. जुन्या पद्धतीत दगडाचा पोत कुंचल्याच्या ठरावीक फटकाऱ्यांनी दाखवत. जंग सन या थोर चित्रकाराने १७५१ मध्ये इन्वांग डोंगर रंगवला तेव्हा फिकट ग्रॅनाइटचे कडे शाईचे थरावर थर देऊन जवळजवळ काळे केले. कांग तसं करत नाहीत. ते कडेची रेघ घेतात आणि आत शाईचा वॉश, म्हणजे पाणी घालून पातळ केलेल्या शाईचा हात, गडदाकडून फिक्याकडे नेतात, त्यावर हिरव्या-निळ्याची झाक. दगडाला गोलाई येते, वजन येतं. मागचा डोंगर मात्र ओल्या आडव्या ठिपक्यांनी, अगदी परंपरेप्रमाणे. म्हणजे पश्चिमेकडून आलेला छायाप्रकाश फक्त दगडात शिरलाय, बाकीचं चित्र कोरियनच राहिलंय. बीजिंगला जाणाऱ्या कोरियन शिष्टमंडळांना तिथल्या चर्चमध्ये युरोपीय चित्रं बघायला मिळत. कांग स्वतः बीजिंगला गेले ते पुढे १७८४ मध्ये, म्हणजे हे दगड रंगवून झाल्यावर कितीतरी वर्षांनी. तोवर पाहिलेलं-ऐकलेलं थोडंच असणार, आणि तेवढ्यावर त्यांनी हे धाडस केलं. मला हे चित्र फार आवडतं, त्यामुळे माझा कल कुठे आहे हे लपवत नाही.

आन जुंग-शिक (१८६१–१९१९) यांनी घेतला तो पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे दूरचं लहान दाखवून चित्रात खोली आणायची पद्धत. तरुणपणी, १८८१ मध्ये, त्यांना सरकारने चीनमधल्या तिआनजिनला यांत्रिक आरेखन शिकायला पाठवलं होतं. पुढे १९१५ मध्ये त्यांनी ‘बेगाकवरची वसंत पहाट’ दोनदा रंगवलं, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा शरदात. खाली मोकळा रस्ता, ग्वांगह्वामुन दरवाजा, धुक्यातून डोकावणारी ग्योंगबोकगुंग राजवाड्याची छपरं आणि वर बेगाक डोंगर. खालचा भाग पाश्चात्त्य मोजमापाने मागे सरकतो, वरचा डोंगर जुन्या शाईचित्रातला. याच वर्षी जपानी राजवटीने राजवाड्याच्या आवारात औद्योगिक प्रदर्शन भरवलं आणि त्यासाठी कित्येक इमारती पाडल्या. चित्रात मात्र राजवाडा शाबूत आहे आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. मन भरून येतं ते इथे. पण तंत्र शिकायला बसलात तर दोन भागांचा सांधा धुक्याने झाकलाय हे दिसतं, आणि नवशिक्याला त्यातून उचलण्यासारखं कमी आहे.

यू यंग-गुक (१९१६–२००२) यांची गोष्ट उलटी. कॅनव्हास आणि तैलरंग पश्चिमेचे, शिक्षण टोकियोत, आणि विषय जन्मभर कोरियाचा डोंगर. १९४३ मध्ये परतल्यावर त्यांनी उलजिन या आपल्या गावी मासेमारी केली, दारूची भट्टी चालवली. पहिलं एकल प्रदर्शन १९६४ मध्ये. लाल, पिवळ्या, हिरव्या त्रिकोणांत डोंगर उभा राहतो, त्यात प्रकाशाची एक ठरलेली दिशा शोधू नका. तुम्ही अमूर्ताकडे वळत असाल तर थेट यांच्याकडेच जा. जलरंगवाल्याने मात्र शेवटी यावं, कारण इथे सगळा खेळ रंगाच्या जाडीचा आहे आणि फोटोत तो हरवतो.

आणखी एक व्यवहाराची बाब. कागदावरची जुनी चित्रं उजेडाने खराब होतात, म्हणून संग्रहालयं ती आलटून-पालटून मांडतात. सोलला जाऊन कांगचा आल्बम दिसेलच असं धरून चालू नका, आधी चौकशी करा. येओंगतोंग उत्तर कोरियात असल्याने मूळ दगड बघायची सोयही नाही. आनच्या चित्राचं तसं नाही. ग्वांगह्वामुनसमोरच्या चौकात उभं राहिलं की २०१० मध्ये पुन्हा बांधलेला दरवाजा आणि मागे ३४२ मीटरचा बेगाक एका नजरेत येतो, प्रिंट हातात धरून जुळवता येतं. प्रवास ठरलाच असेल तर आन आधी घ्या.

घरी बसून अभ्यास करायचा असेल तर कांग. पाणी शोषणारा कागद घ्या, काळ्या शाईच्या तीन छटा करा आणि येओंगतोंगचा एकच दगड उतरवा: आधी रेघ, मग खालून गडद वॉश, तो ओला असतानाच वरच्या बाजूला नुसतं पाणी. हिरवा अगदी शेवटी, आणि थोडाच.