साताऱ्यात वडिलांची फौजी पेटी दुरुस्त करून घेतली

राजवाड्याच्या परिसरात पत्र्याचं काम करणारे एक म्हातारे बाबा आहेत. गेल्या महिन्यात आमची काळी पेटी त्यांच्याकडे टाकली होती. कामाबद्दल सांगतोच, पण आधी पेटीबद्दल सांगतो, नाहीतर जुन्या पत्र्यावर 1,400 रुपये का घातले ते कळायचं नाही.

पेटी वडिलांची. 1965 ला ते मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले, 1971 ला पूर्वेच्या आघाडीवर होते. 1994 ला मी भरती झालो आणि पेटी माझ्याकडे आली. लेह, कुपवाडा, सगळीकडे ती माझ्या खाटेखाली होती. 2018 ला हवालदार म्हणून पेन्शनीत आलो. आता पोरगा अग्निवीर झालाय. बेळगावचं ट्रेनिंग संपवून सुट्टीवर आला तेव्हा म्हणाला, "अण्णा, नवी नको, तीच द्या."

तळाची पार चाळणी झाली होती. बाबांनी गंजलेला भाग कापून जाड पत्रा घातला, कोपऱ्यांना पट्ट्या मारल्या, बिजागऱ्या बदलल्या. मी पेटीत पाणी ओतून बघितलं, थेंब गळला नाही. रंगाला हात घातला तेव्हा मात्र बाबांचा फोन आला. "हवालदार, तुमच्या नावाखाली आणखी एक नाव निघालंय. घासू का ठेवू?"

तसाच एसटीनं साताऱ्याला गेलो. माझ्या पांढऱ्या अक्षरांखाली वडिलांचा नंबर, रँक आणि नाव होतं. अक्षरं फिकी, पण 'शिपाई' मधली वेलांटी स्पष्ट दिसत होती. त्या नावाकडे बघत मी बराच वेळ दुकानात बसून राहिलो. बाबांनी घाई केली नाही. समोरची बाजू त्यांनी तशीच ठेवून वर वॉर्निश मारलं, पोराचं नाव झाकणावर घातलं.

लोक मला विचारतात, पोराला भरतीच्या कुठल्या अकॅडमीत घातलं होतं? साताऱ्यात अकॅडम्यांना तोटा नाही, देशातली पहिली सैनिक शाळा 1961 साली इथंच निघाली. 1600 मीटर साडेपाच मिनिटांत कसं मारायचं, पुलअप्स दहा कशा काढायच्या, ते अकॅडमीत शिकवतात आणि चांगलं शिकवतात. पण फौजेत टिकायचं कसं, ते आमच्या घरात माझ्या आईनं शिकवलं. वडील वर्षाला दोन महिने घरी. बाकीचे दहा महिने शेती, म्हशी, आम्ही तीन भावंडं, सगळं तिच्यावर. उठल्यावर वाकळेची घडी कडेला कड लावून झाल्याशिवाय चहा नाही. वडिलांना इनलँड पत्र मी लिहायचो, ती सांगायची. एका पावसाळ्यात माजघरात गळत होतं, ते मी पत्रात लिहिलं. तिनं ते पत्र फाडून दुसरं लिहायला लावलं. "ते तिकडं थंडीत उभे आहेत. छप्पर आपण बघायचं." मग मी आणि ती कौलं चाळायला वर चढलो. मी तेव्हा अकरा वर्षांचा.

पुढं बेळगावात ट्रेनिंग देणाऱ्या उस्तादानं किट लावायला सांगितलं तेव्हा माझ्या हाताला काही नवीन वाटलं नाही. 24 वर्षांत एकदाही सकाळी उठून आज नको असं वाटलं नाही. आमच्या जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या गावातून पहिल्या महायुद्धात 46 जण गेले ते परत आले नाहीत. तरी त्या गावातून पोरं भरती होतच राहिली. अशा घरांमधल्या बायकांनी पोरांना काय सांगून वाढवलं असेल, ते मला आईकडे बघून कळतं. अग्निवीराला चारच वर्षं, पुढं 25 टक्क्यांपर्यंतच कायम करणार, याची काळजी मलाही आहे. पण घरची शिस्त चार वर्षांनी संपत नाही.

आता तक्रार. चार दिवसांत देतो म्हणाले, नऊ लागले. पोराची सुट्टी मोजकी, फार जीव टांगणीला लागला होता. कोयंडाही जरा घट्ट बसलाय, कुलूप लावताना झाकण दाबावं लागतं. पेटी टाकायची असेल तर सुट्टी लागायच्या आधीच कुणाला तरी पाठवा. काम मात्र मनापासून करतात. पाचपैकी चार.

पेटी घरी आणली त्या संध्याकाळी आईनं तळ दाबून बघितला, वडिलांच्या नावावरून बोट फिरवलं. मग नातवाला वाकळ घडी करून आत ठेवायला सांगितली. तो नुकताच ट्रेनिंग करून आलेला, झटक्यात घडी केली.

"कड जुळली नाही," आई म्हणाली. "पुन्हा घाल."