पावसाळ्यात कॅम्पर कुठे ठेवावी : बंद गोदाम की उघडा मांगर?

मिरग जवळ आला की गोव्यातल्या कॅम्परवाल्यांना, म्हणजे आत झोपायची सोय असलेली गाडी बाळगणाऱ्यांना, एकच घोर लागतो. चार महिने गाडी ठेवायची कुठे? अंगणात ताडपत्रीखाली ठेवायचा पर्याय मी धरतच नाही. वाऱ्याने ताडपत्री रंगावर घासत राहते आणि खाली दमटपणा कोंडतो. मग उरतं किनारपट्टीतलं भाड्याचं पत्र्याचं गोदाम, नाहीतर आत डिचोली-सत्तरीकडे कुणाच्या भाटातला, म्हणजे बागायतीतला, मांगर. चिऱ्यांचे खांब, वर कौलं, बाजू मोकळ्या. दोन्हीकडे मी दोन-दोन पावसाळे काढले आहेत.

गोदामात जीव निर्धास्त असतो. कुलूप आहे, राखणदार आहे, फांदी पडायची भीती नाही, आणि घरापासून वीस मिनिटांवर. पहिल्या वर्षी मी अगदी खूश होतो. चवथीच्या आधी गाडी आणायला गेलो, दार उघडलं आणि कुबट वासाचा भपकारा आला. गादी उचलली तर खालच्या प्लायवर हिरवट-करड्या बुरशीची वर्तुळं. पडदे तीनदा धुतले, गादीला आठ दिवस ऊन दाखवलं, तरी डिसेंबरात बायको म्हणाली, ‘‘अजून येतोय हो वास.’’ त्या मोसमात गाडीत झोपायचा आनंदच गेला.

दुसऱ्या वर्षी ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराईडचे डबे ठेवले. काही दिवसांतच ते पाण्याने भरले, आणि रोज कोण बदलणार? खरं कारण छपरात होतं. उघडीप पडली की पत्रा तापतो, गोदामातली हवा ओल धरते. रात्री पत्रा गार पडला की त्याच ओलीचे थेंब आतल्या बाजूने गाडीवर टपकतात. हवा खेळायला वाटच नव्हती.

शिवाय किनाऱ्याची खार. हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून ओलं होतं. पावसाळ्यात ती बहुतेक वेळ त्याहून वरच असते. म्हणजे चॅसीवर, गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, बसलेला खारट थर वाळतच नाही आणि गंज आत सरकत राहतो. कुठेही ठेवा, आधी गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा, हे तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो.

मांगराकडे वळताना मन कचरत होतं. सत्तरीतल्या वाळपईला पाऊस पणजीहून जास्तच. पण कौलाखाली गाडीच्या खिडक्या बोटभर उघड्या ठेवता येतात, छताची झडप उघडी ठेवता येते. हवा दमट असली तरी ती वाहती असते. सप्टेंबरात गाडी उघडली तेव्हा प्लायला साधा लाकडाचा वास होता. मला तेवढं पुरलं.

त्रास तिथेही आहेतच. उंदरांनी एकदा मागच्या दिव्याची वायर कुरतडली. आता प्रत्येक फटीला बारीक जाळी लावतो. तिरक्या सरींनी एक कड भिजते. चाकांखाली फळ्या घालाव्या लागतात. हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना पाचर लावतो, कारण दमटपणात ब्रेक चिकटतात. बॅटरी घरी आणतो आणि १२.४ व्होल्टच्या खाली उतरू देत नाही. महिन्यातून एकदा तरी फेरी होतेच, आणि मांगराचा मालक ओळखीतला हवा.

तुमच्या गाडीत प्लाय आणि फोम कमी असेल, किंवा गोदामवाला ओल काढणाऱ्या यंत्रासाठी रात्रंदिवस वीज देत असेल, तर गोदाम वाईट म्हणवणार नाही. माझ्यासारखी लाकडी कपाटांची गाडी असेल तर मात्र मी तुम्हाला आतल्या गावाकडेच पाठवीन. आणि जागा मे महिन्यात पाहून ठरवू नका, तेव्हा सगळंच कोरडं ठणठणीत दिसतं. आदल्या पावसाळ्यात तिथे राहिलेल्या एखाद्या गाडीच्या मालकाला विचारा, आणि दार उघडू दिलं तर गादी उचलून खालचा प्लाय बघा.