दहा महिने इलेक्ट्रिक गाडी: वीज पुरली, फेज पुरला नाही

कासारवडवलीहून ऐरोली, जाऊन-येऊन रोजचे चाळीसेक किलोमीटर. दहा महिन्यांत 10,400 झाले. रेंज, पिकअप, घोडबंदरच्या ट्रॅफिकमधला एसी, कशाबद्दलच तक्रार नाही. लिहायचंय ते पार्किंगमध्ये दर आठवड्याला ऐकू येणाऱ्या एका प्रश्नाबद्दल: "सगळ्यांनीच घेतल्या तर एवढी वीज येणार कुठून?"

माझी गाडी एका युनिटला साधारण सात किलोमीटर जाते. चार्जिंगमधली गळती धरून महिन्याला एकशे साठच्या आसपास युनिट लागतात. मे महिन्यात घरातले दोन एसी मिळून याहून जास्त खातात. देशात वर्षाला सुमारे 1 लाख 80 हजार कोटी युनिट वीज तयार होते. माझ्यासारख्या एक कोटी गाड्या आल्या तरी त्यांना 2,000 कोटी पुरतील, म्हणजे जेमतेम एक टक्का. 12 ऑक्टोबर 2020 आठवतोय ना? मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम बंद. तेव्हा अडलं होतं ते कळवा-पडघा वाहिन्यांवर. वीज पोचवणारी वाट अडली की मागे कितीही असून उपयोग नसतो. आमच्या सोसायटीत तेच लहान प्रमाणात घडलं.

मे महिना, रात्रीचे पावणेदहा. सगळ्यांचे एसी सुरू, आणि खाली सात गाड्या एकाच वेळी चार्जिंगला. लिफ्ट मध्येच थांबली. पाचव्या मजल्यावरच्या आजी आत होत्या, वीस मिनिटं. त्यांना बाहेर काढेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता, कारण त्या सातांत एक गाडी माझी होती. सोसायटीत वीज तीन वेगळ्या तारांनी येते, त्यातली प्रत्येक म्हणजे एक फेज. वायरमनने कॉमन पॅनेल उघडलं तर त्यातल्या आर नावाच्या फेजचा फ्यूज उडालेला. "मॅडम, सगळे पॉइंट एकाच फेजवर घेतलेत हो." एक पॉइंट साधारण 15 अँपिअर ओढतो, सात म्हणजे शंभरच्या वर, आणि बाकीचे दोन फेज जवळजवळ रिकामे. लिफ्टची मोटर तीन फेजवर चालते, एक गेला की ती उभी.

पॉइंट बसवताना जी वायर जवळ दिसली तीच वापरली गेली होती. विचारलं कुणीच नाही, मीही नाही. मग आम्ही तिन्ही फेजवर पॉइंट वाटून घेतले, केबल बदलली आणि गाड्यांसाठी वेगळं मीटर घेतलं. चार्जिंग रात्री साडेअकराच्या पुढे, टायमर लावून. आज गाड्या एकोणीस आहेत आणि तेव्हापासून एकदाही फ्यूज उडालेला नाही.

पुढचा हिशेब मात्र प्रत्येक सोसायटीने आत्ताच मांडावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. शंभर गाड्या रात्री नऊला एकदम लावल्या तर, गाडीमागे 3.3 धरून, 330 किलोवॉट, तेही एसीच्या लोडवर. आमच्यासारख्या सोसायटीच्या ट्रान्सफॉर्मरला हे झेपणार नाही. पण त्याच शंभर गाड्यांना रोजची गरज पाच-सहा युनिटचीच. मध्यरात्री ते सकाळी सहा अशी वाटून दिली तर शंभर किलोवॉटच्या आत भागतं. त्यासाठी टायमर पुरत नाही, कारण सगळे टायमर साडेअकरालाच लागले तर तीच गर्दी तेव्हा होईल. एकूण लोड बघून आळीपाळीने चार्ज करणारी यंत्रणा लागेल.

आणखी एक गोष्ट दहाव्या महिन्यात लक्षात आली. सौर विजेची रेलचेल दुपारी असते. म्हणूनच महावितरणच्या स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना 1 जुलै 2025 पासून सकाळी 9 ते संध्याकाळी 5 दरात सवलत मिळते. नेमकी त्या वेळी माझी गाडी ऑफिसच्या पार्किंगमध्ये आठ तास नुसती उभी असते. तिथे साधे 15 अँपिअरचे पॉइंट मिळाले, तर मला घरी आठवड्यातून एकदाच चार्ज करावी लागेल. ऑफिसात अर्ज दिलाय.

सोसायटीत लोड सांभाळणाऱ्या यंत्रणेची कोटेशनं पुढच्या वार्षिक सभेला (एजीएमला) येतील. आजी म्हणाल्यात, "मला बोलव गं, मी येणार आहे."